भोंगा आणि हळद्या

आमच्या परसदारी इस्त्रीची एक जुनी फळी उभी होती. लोखंडी पायांची, उंची कमीजास्त करता येणारी. तिच्यावर अर्धं कापलेलं संत्रं ठेवलेलं होतं आणि त्या संत्र्याकडे आम्ही एकाच घरातल्या तीन पिढ्यांच्या बायका दाराच्या फटीतून टक लावून बघत होतो. संत्र्यावर मुंग्या आल्या होत्या. मुंग्याही स्थलांतर करतात, पण ते फक्त बागेतून स्वयंपाकघरापर्यंत.

आम्हाला मुंग्या नको होत्या. हळद्या हवा होता. हळद्या म्हणजे पिवळाजर्द, लांबून येणारा पाहुणा. थंडीत येतो आणि उन्हं तापली की चालता होतो. माझ्या बिनपगारी रजेचंही तसंच होतं. मुलीसाठी घेतलेली ही रजा मी वाढवत वाढवत इतकी ताणली होती की साहेबांनी शेवटच्या वेळी ‘मंजूर’ म्हणताना एक दीर्घ सुस्कारा टाकला आणि वर सांगितलं की यापुढे सुस्काराही मिळणार नाही. उन्हं तापली की मी ऑफिसात आणि मुलगी पाळणाघरात, हे ठरलेलं. त्याआधी आम्ही दोघींनी मिळून काहीतरी एक बघावं, तिच्या लक्षात राहील असं, एवढीच माझी इच्छा होती. डोंगर, समुद्र वगैरे खर्चाच्या गोष्टी होत्या. पक्षी फुकट येतो अशी माझी समजूत होती.

मुलीचं नाव काही का असेना, तिला सगळे भोंगा म्हणायचे. जन्मली तेव्हा दवाखान्यातल्या नर्सने कानावर हात ठेवून हे नाव दिलं आणि पुढची तीन वर्षं तिने ते निष्ठेने चालवलं. ती दूध प्यायली की गल्लीला कळायचं, नाही प्यायली तर पलीकडच्या गल्लीलाही कळायचं. तिच्या कापडी पुस्तकात एक पिवळा पक्षी होता. नुसता पिवळा, अंडं फुटून सांडल्यासारखा. हा कुठे असतो, असं तिने विचारलं आणि मी सहज म्हणून गेले की थंडीत येतो, आपल्याकडे आला तर आपण दोघी बघू. भोंग्याने तिथल्या तिथे बूट घातले आणि मागच्या दाराशी जाऊन बसली. मुलांना सहज काही सांगू नये. ती सहज ऐकत नाहीत.

संत्र्याची कल्पना मोबाइलवरच्या एका बाईंची. त्या संत्रं कापून ठेवायच्या आणि त्यावर पिवळे पक्षी लग्नाच्या पंगतीसारखे बसायचे. नंतर कळलं की त्या बाई वेगळ्या खंडातल्या, त्यांचे पक्षीही वेगळे आणि आमच्या पक्ष्यांना त्यांच्या आवडीनिवडीची काही कल्पना नव्हती. पण हे नंतर. तोपर्यंत आमच्या संत्र्यावर मुंग्यांमागून गांधीलमाश्या आल्या आणि गांधीलमाश्यांमागून नवरा आला.

नवरा विमा कंपनीत आहे. त्याला प्रत्येक वस्तूत आधी अपघात दिसतो, मग वस्तू. फळी डुगडुगते, पोरीच्या अंगावर पडेल, असं म्हणून तो गेला आणि एक घमेलं सिमेंट घेऊन आला. रविवारची अख्खी सकाळ घालवून त्याने इस्त्रीच्या फळीचे चारही पाय जमिनीत पक्के केले. आयुष्यात त्याने उभारलेली ही पहिलीच वास्तू. संध्याकाळी तो तिच्याकडे बघत चहा प्याला. मीही कौतुक केलं. त्या कौतुकाची किंमत पुढे मोजावी लागली, ती पुढे सांगते.

शेजारी उजवीकडे दुर्बीणकाका. निवृत्त झाल्यावर ऑफिसने त्यांना घड्याळ देऊ केलं तेव्हा त्यांनी दुर्बीण मागून घेतली होती, आणि तेव्हापासून आमच्या घरात काय चाललंय हे आमच्याआधी त्यांना कळायचं. काका कुंपणावरून म्हणाले की हळद्या अत्यंत लाजाळू पक्षी. झाडाच्या शेंड्याला राहतो. त्याची ओळख म्हणजे डोळ्यातून मागे गेलेली काळी रेघ, ती दिसली नाही तर समजायचं आपण दुसऱ्याच कुणाला तरी नमस्कार करतोय. आणि त्याला तीन गोष्टी चालत नाहीत. भडक रंग, हालचाल आणि आवाज.

तिसरी गोष्ट म्हणताना त्यांनी भोंग्याकडे पाहिलं. भोंगा तेव्हा बादली वाजवत होती.

त्या दिवसापासून आमचं घर पक्ष्याच्या सोयीने चालू लागलं. भडक कपडे मागच्या दोरीवर वाळत घालायचे नाहीत, म्हणून दोरी हॉलमध्ये आली आणि आम्ही पाहुण्यांशी ओल्या टॉवेलांच्या आडून बोलू लागलो. सकाळी मिक्सर बंद. नवऱ्याने दाढी करताना गुणगुणायचं नाही. सासूबाईंची शिंक म्हणजे एक स्वतंत्र संस्था आहे, ती एकटी कधी येत नाही. त्यांनी नाक दाबून ती कपाटात तोंड घालून द्यायची ठरवली आणि तसं केलंही. कपाटातल्या साड्यांवर काय प्रसंग गुदरला असेल तो असो.

राहिली भोंगा. तिला मी मांडीवर घेऊन समजावलं. अगदी प्रेमाने समजावलं, म्हणूनच बहुधा ते इतकं खोल गेलं. म्हटलं, ‘पक्षी आला की तोंडावर बोट. काही बोलायचं नाही. बोललं की तो उडून जातो आणि परत कधीच येत नाही.’

‘कधीच?’

‘कधीच.’

तिने मोठ्ठा श्वास घेतला, बोट तोंडावर ठेवलं आणि छोट्या स्टुलावर जाऊन बसली. आमच्या घरात पहिल्यांदाच घड्याळाची टिकटिक ऐकू आली. सासूबाई म्हणाल्या, हे घड्याळ आवाज करतं होय? मला तर वाटायचं बंद आहे. आम्ही सगळे हसलो. मला आता वाटतं, तेव्हा हसायला नको होतं.

हळद्या आला नाही. दुर्बीणकाकांनी सांगितलं की संत्रं काढा, त्याला किडे लागतात. फळांवर तो राहतो, पण किडे म्हणजे त्याचं पक्वान्न. किडे काय, आमच्या घरात शोधले तर मिळाले असते, पण मी शिकलेली बाई. मी ते मागवले. कुरिअरवाला भोकं पाडलेलं खोकं घेऊन आला आणि ते त्याने हात लांब करून माझ्याकडे दिलं. आतून सुकी पानं चुरगळल्यासारखा आवाज येत होता. सही घेऊन तो निघाला आणि फाटकापाशी थांबून त्याने हात पँटला पुसला.

सोबतच्या कागदावर लिहिलं होतं की अळ्या थंडाव्यात ठेवाव्यात म्हणजे त्या सुस्त राहतात. मी त्या लोण्याच्या रिकाम्या डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवल्या आणि, माणसाची बुद्धी जेव्हा जायची तेव्हाच जाते, घरात कुणाला सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी ब्रेडला लावायला डबा उघडला.

मी आत धावले तेव्हा त्या ओरडत नव्हत्या. चष्मा लावून डब्यात बघत होत्या. मी कारण सांगायला तोंड उघडलं, तर त्या म्हणाल्या, ‘अगं, या उपाशी आहेत.’

तिथून पुढे अळ्यांचा ताबा सासूबाईंकडे गेला. त्यांनी डब्यात कोंडा घातला. गाजराच्या पातळ चकत्या करून घातल्या, आम्हाला कोशिंबिरीतही इतक्या पातळ कधी मिळाल्या नव्हत्या. अळ्या फ्रिजमध्ये गारठतात म्हणून डबा त्यांच्या उशाशी आला. माझ्या लग्नाला सहा वर्षं झाली, मला सर्दी झाली की त्या ‘वाफ घे’ एवढंच म्हणतात. तक्रार नाही. नोंद केली इतकंच.

मी एकदा चिमूटभर अळ्या मागितल्या, फळीवर ठेवायला. सासूबाईंनी डब्यावर हात ठेवला. ‘ज्याला आपण खाऊ घातलं, त्याला दुसऱ्याच्या तोंडी कसं द्यायचं?’

मी म्हटलं, ‘आई, त्या त्यासाठीच आणल्यात.’

‘ते त्यांना माहीत आहे का?’

चार दिवसांनी डबा रिकामा दिसला. सासूबाईंनी हळूच सांगितलं की पेरूच्या झाडाला वर एक ढोली आहे, तिथे कोंडा आणि गाजर घालून सगळ्यांना नीट सोडून आले. जगतील बिचाऱ्या. आता रोज दुपारी त्या शिडीच्या दोन पायऱ्या चढून गाजर ठेवून यायच्या. गुडघे दुखतात म्हणून ज्यांना नातीच्या मागे धावता येत नव्हतं, त्या अळ्यांसाठी शिडी चढत होत्या. मी काही बोलले नाही. घरात तेव्हा बोलायची बंदीच होती.

अळ्या गेल्या म्हणून मी फळांकडे वळले. काळीनिळी, टपोरी, रस गळणारी तुती. ती मात्र लागू पडली. फळीवर थवेच्या थवे उतरले. पण सगळ्या साळुंक्या. इथल्याच, बारमाही, आमच्यासारख्याच मध्यमवर्गीय. त्या आल्या, भांडल्या, पोटभर जेवल्या आणि जेवल्यावर जे करायचं ते करायला डावीकडच्या घरी गेल्या.

डावीकडे दाताच्या डॉक्टरांच्या बाई राहतात. दवाखान्यातले पांढरे कोट, पांढरे टॉवेल, खुर्चीवरच्या पांढऱ्या चादरी, सगळं त्यांच्या गच्चीवर वाळत असतं. त्या दिवशी संध्याकाळी त्यांच्या गच्चीवर जांभळ्या ठिपक्यांचं प्रदर्शन भरलं होतं. बाई एक कोट घेऊन आमच्या दारात आल्या आणि अतिशय शांतपणे म्हणाल्या की पेशंट आत आला, त्याने डॉक्टरांचा कोट पाहिला आणि तो तसाच परत गेला. मी माफी मागितली. कोट धुऊन देते म्हटलं. दोनदा धुतला, डाग फिकट गुलाबी झाले. बाईंनी तो घेतला, उजेडात धरला आणि म्हणाल्या, ‘असू दे. आता निदान रक्त वाटत नाही.’

तक्रार त्यांनी केली की नाही हे मला आजही माहीत नाही. पण स्वच्छता निरीक्षक आले. हातात मोजपट्टी होती. त्यांनी साळुंक्यांकडे पाहिलंसुद्धा नाही. ते थेट फळीपाशी गेले, वाकले आणि सिमेंटवर बूट आपटून पाहिला.

‘मॅडम, हे कायमस्वरूपी बांधकाम आहे.’

मी म्हटलं, ती इस्त्रीची फळी आहे. ते म्हणाले, वरून असेल, खालून बांधकाम आहे. परवानगी घ्या नाहीतर पाडा. नवऱ्याला संध्याकाळी हे सांगितलं तर त्याच्या चेहऱ्यावर दुःखाआधी किंचित अभिमान दिसला. मी दुर्लक्ष केलं.

आता पाडली असती तर गोष्ट संपली असती. पण मी हट्टाला पेटले. रजा संपत आली होती, हळद्याचा पत्ता नव्हता आणि फळीच गेली तर तो येऊन बसणार कशावर? म्हणून मी रोज दुपारी पालिकेच्या कचेरीत जाऊ लागले. भोंगा स्टुलावर बसलेली असायची, सासूबाई शेजारच्या आरामखुर्चीत डुलक्या घेत असायच्या. मी तिच्या केसांवरून हात फिरवून निघायचे. ती बोट तोंडावर ठेवूनच मान हलवायची. शहाणी हो माझी पोर, असं मनाशी म्हणत मी रांगेत उभी राहायचे.

उद्यान खात्याने सांगितलं, झाड असेल तर बोला. स्वच्छता खात्याने विचारलं, घाण करणार आहे का? मी म्हटलं पक्षी आहे. मग करणारच, म्हणून त्यांनी मला बांधकाम खात्याकडे पाठवलं. तिथले गृहस्थ अतिशय सभ्य होते. त्यांनी मला बसायला खुर्ची दिली, म्हणजे लवकर काम होणार नव्हतं.

पक्षी पाळीव की भटका, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, स्थलांतरित. म्हणजे राहणार कुठे? राहत नाही, येतो आणि जातो. त्यांनी पेन खाली ठेवलं.

‘म्हणजे तात्पुरता. मग तात्पुरत्यासाठी तुम्ही कायमस्वरूपी बांधकाम कसं काय केलंत?’

मी घरी येईपर्यंत या प्रश्नाचं उत्तर शोधत होते. रात्रीही शोधलं. खरं म्हणजे अजून सापडलेलं नाही.

दिवस असेच गेले. उन्हं तापायला लागली. एके सकाळी दुर्बीणकाका कुंपणाशी आले आणि आजारी माणसाची बातमी द्यावी तशा आवाजात म्हणाले, ‘मुली, आता नाही येणार. परतले असतील ते. मी रोज सकाळी बघत होतो, एकही दिसला नाही.’ त्यांनी दुर्बीण गळ्यातून काढून हातात धरली होती.

माझं ऑफिस दुसऱ्या दिवसापासून होतं. मी हातोडा आणला. सिमेंट पक्कं होतं, नवऱ्याचं काम ते. चारपैकी दोन पाय निघाले, दोन कापावे लागले. भोंगा स्टुलावर बसून बघत होती. शेवटचा पाय निघाला तेव्हा ती उठून माझ्याजवळ आली आणि कानाशी लागून कुजबुजली, ‘आई, ती त्याची नव्हतीच. तो झाडावर बसायचा.’

‘कोण गं?’

‘पिवळा.’

मला आधी वाटलं, पुस्तकातला. मुलांचं काय, हवं ते दिसतं. म्हणून मी हसत विचारलं, कसा होता?

‘त्याने डोळ्याला काजळ लावलंय. असं, मागेपर्यंत.’ तिने बोटाने आपल्या डोळ्यापासून कानाकडे रेघ ओढली.

पुस्तकातल्या पक्ष्याला काजळ नव्हतं. मी हातोडा खाली ठेवला.

तो रोज दुपारी यायचा. पेरूवर. ढोलीत चोच घालून आजीच्या अळ्या खायचा, गाजर बाजूला टाकायचा. मग थोडा वेळ बसायचा. गायचापण. आई कचेरीत असायची आणि आजी झोपलेली असायची. हे सगळं तिने कुजबुजत सांगितलं, इतक्या हळू की ऐकायला मला खाली बसावं लागलं.

‘मग मला सांगितलं का नाहीस, बाळा?’

तिने माझ्याकडे पाहिलं. मी विसरले आहे, एवढंच तिला वाटलं असावं. तिने मला समजावलं, मी तिला समजावलं होतं तसंच, अगदी प्रेमाने. ‘बोललं की तो उडून जातो ना. आणि परत कधीच येत नाही.’

आत आरामखुर्चीत सासूबाई जाग्या झाल्या होत्या. त्यांनी काय चाललंय म्हणून विचारलं. मी म्हटलं, काही नाही. अळ्यांबद्दल त्या अधूनमधून आजही बोलतात. म्हणतात, पेरूच्या झाडात संसार थाटला असेल त्यांनी. भोंगा माझ्याकडे बघते आणि दोघी गप्प बसतो.

दुसऱ्या दिवशी तिला पाळणाघरात सोडून मी ऑफिसला गेले. दिवसभर वाट बघत होते, फोन येईल, पोरीने पाळणाघर डोक्यावर घेतलंय, येऊन न्या. आला नाही. दुपारी सासूबाईंनी तिला घरी आणलं. संध्याकाळी मी पाळणाघराच्या बाईंना फोन करून विचारलं. त्यांनी तोंडभर कौतुक केलं. इतकी शांत मुलगी आम्ही बघितली नाही, म्हणाल्या. काही लागलं तर कानात येऊन सांगते. छान वळण लावलंत हो.

आजवर माझं कुणी इतकं कौतुक केलं नव्हतं. फोन ठेवून मी न्हाणीघरात गेले आणि नळ सोडून बसले.

त्यानंतर मी काय काय केलं नाही. बादली दिली, वाजव म्हटलं. तिने हळू वाजवली. परसदारी उभी राहून मीच मोठ्यांदा ओरडून दाखवलं, असं कर बघू. दाताच्या डॉक्टरांच्या बाई गच्चीवर आल्या, त्यांनी पाहिलं आणि कपडे गोळा करून आत गेल्या. भोंगा मात्र माझ्या तोंडावर हात ठेवायची. नवऱ्याला मी म्हटलं, पुन्हा गुणगुणत जा, तर तो म्हणाला, सवय मोडली. दोरी मागे गेली, मिक्सर सुरू झाला, सासूबाई कपाटाबाहेर शिंकू लागल्या. सगळे आवाज परत आले. घड्याळाची टिकटिक मात्र अजून ऐकू येते. तिला आता कुणी भोंगा म्हणत नाही. मीच इथे लिहिताना म्हणते.

शेवटी मी तिला एवढंच सांगितलं की यापुढे तो आला तर मला सांगायचं. मी कुठेही असले तरी. उडून गेला तरी चालेल. यावर तिचा विश्वास बसला नाही, पण तिने मान हलवली.

परत थंडी आली. ऑफिसात दुपारच्या वेळी आढावा बैठक चालू होती. साहेब बोलत होते, आम्ही लिहून घेत होतो. माझा मोबाइल थरथरला. घरचा नंबर. आजीकडून नंबर लावून घ्यायला ती शिकली होती. मी वाकून फोन कानाला लावला.

आधी नुसता श्वास ऐकू आला. मग, कानात फुंकर घातल्यासारखं, ‘आई. आलाय.’

‘काय झालं?’ साहेबांनी मोठ्याने विचारलं. सगळ्यांनी वर पाहिलं.

मी साहेबांकडे बघितलं आणि तोंडावर बोट ठेवलं.

साहेब गप्प बसले. का बसले, त्यांनाच ठाऊक. खोलीत कुणी हललं नाही. फोनमध्ये परसातला नळ ठिबकत होता, तिचा श्वास चालू होता, आणि त्यापलीकडे, लांब, कुणीतरी शीळ घालावी तसा काहीतरी आवाज आला. की तो वाऱ्याचा होता, मला सांगता येणार नाही. मी डोळे मिटून घेतले. पेरूचं झाड दिसलं, ढोली दिसली, स्टूल दिसलं. फांदीवर जे असेल ते काही दिसेना.

‘गेला,’ ती म्हणाली. मग थोडं थांबून, अजून हळू, ‘बघितलास ना?’

‘बघितला,’ मी म्हटलं.

‘काजळ होतं?’

‘होतं.’

तिने समाधानाने फोन ठेवला. साहेबांनी घसा साफ करून विचारलं की आता पुढे जायचं का? मी वही उघडली.